आच बंद केल्यावर सुरू होते ती बिअर

घरी पहिल्यांदा बिअर करायला घेणाऱ्या माणसाचं सगळं लक्ष पातेल्याकडे असतं. माल्ट कोणतं घ्यायचं, हॉप्स किती घालायचे, पाणी किती तापलं, उकळी किती वेळ ठेवायची. ते साहजिकच आहे, कारण दिवसभराची धावपळ तिथेच होते. पण माझ्या जुन्या नोंदवह्या काढून पाहिल्या, तर बिघडलेल्या खेपांची कारणं जवळजवळ सगळी एकाच बाजूला सापडतात: आच बंद केल्यानंतरच्या बाजूला. उकळीआधी झालेल्या चुका बिअर बऱ्याचदा पोटात घालते. तापमान दोन अंशांनी चुकलं, हॉप्स पाच मिनिटं उशिरा पडले, तरी प्यायला चांगली बिअर होते. उकळीनंतरची चूक मात्र ती महिनाभर जपून ठेवते आणि बाटली उघडताच समोर आणून धरते.

म्हणून गरम कामाबद्दल गरजेपुरतं सांगतो आणि गार कामाशी जास्त वेळ थांबतो.

त्याआधी दोन गोष्टी. घरी बिअर करण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. कुठे स्वतःपुरती करायला मोकळीक आहे, कुठे परवाना लागतो, कुठे पूर्ण बंदी आहे. सामान जमवण्याआधी आपल्याकडचा नियम नीट पाहून घ्या. दुसरं म्हणजे, इथे सांगतोय ते फक्त आंबवण्याबद्दल. घरी दारू गाळणं हा पूर्ण वेगळा प्रकार आहे, त्यात आगीचा आणि विषबाधेचा धोका असतो आणि बहुतेक ठिकाणी तो गुन्हा आहे. त्या वाटेला जाऊ नका.

दाण्यातून साखर

बिअरला चारच वस्तू लागतात: पाणी, माल्ट, हॉप्स (कडूपणा आणि सुगंध देणारी सुकी फुलं) आणि यीस्ट. बव्हेरियात १५१६ साली बिअरसाठी जो प्रसिद्ध नियम झाला, त्यात मात्र तीनच नोंदवल्या आहेत. यीस्टचा उल्लेखच नाही, कारण बिअर आंबवणारा जीव असा काही असतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. लुई पाश्चर यांनी १८७० च्या दशकात बिअर कशाने बिघडते याचा अभ्यास केला आणि नको ते जंतू शिरले की बिअर नासते हे दाखवून दिलं. पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चियन हान्सेन यांनी एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट बिअरसाठी वापरात आणलं. हजारो वर्षं लोक बिअर करत होते, पण ती नेमकं कोण करतं हे कळून जेमतेम दीडशे वर्षं झाली आहेत. आपण बनवतो ते गोड पाणी. त्याला वर्ट म्हणतात. वर्टची बिअर यीस्ट करतं.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू. दाण्यात स्टार्च असतो आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही, त्याला साखर लागते. दाण्याला मोड फुटू लागले की त्यात स्टार्चची साखर करणारे एन्झाइम तयार होतात. रोपाला वाढायला ती साखर हवी असते. माल्ट बनवणारे नेमक्या वेळी दाणा वाळवून हे काम अर्ध्यावर थांबवतात, आणि आपण दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवून ते पुन्हा सुरू करतो. या भिजवण्याला मॅश म्हणतात.

मॅशमध्ये दोन एन्झाइम महत्त्वाचे आहेत. बीटा अमायलेज ६० ते ६५ अंश सेल्सिअसला जोरात काम करतं आणि स्टार्चच्या साखळीचे टोकाकडचे तुकडे तोडत जातं. त्यातून यीस्टला सहज खाता येणारी साखर मिळते. अल्फा अमायलेजला ७० अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. ते साखळी मध्येच कुठेही तोडतं, त्यामुळे यीस्टला न पचणारे मोठे तुकडेही मागे राहतात, आणि बिअरला तोंडात जो भरीवपणा जाणवतो तो त्यांचाच. ६४ अंशांवर मॅश केलं तर बिअर हलकी, कोरडी होते. ६९ वर केलं तर जाड, किंचित गोडसर. सुरुवातीला ६६ अंश आणि एक तास धरा, बहुतेक प्रकारांना ते चालतं.

आता एक सल्ला, जो पुष्कळांना आवडत नाही. पहिल्या दोन-तीन खेपांना मॅश करूच नका. माल्टचा तयार अर्क मिळतो, पावडर किंवा काकवीसारखा दाट. तो पाण्यात विरघळवला की वर्ट तयार. यात कमीपणा काहीच नाही. उलट दिवसाचे तीन तास वाचतात आणि ते थंड करणं, स्वच्छता, यीस्ट यांवर खर्च करता येतात. शिकायचं खरं तिथेच असतं. एका लिटरला १०० ग्रॅम कोरडा अर्क घातला की घनता (साध्या पाण्याची १.००० धरून) साधारण १.०३७ होते. १० लिटरला १.३ किलो घातला तर १.०४८ च्या आसपास, म्हणजे जवळपास ५ टक्के मद्यार्काची बिअर.

आणि १० लिटरच करा. बहुतेक कृती २० लिटरच्या असतात, पण २० लिटर उकळतं वर्ट उचलणं, थंड करणं, सगळंच नवख्याला जड जातं.

धान्यापासून करायचं ठरेल तेव्हा एका पातेल्यात आणि एका पिशवीत काम होतं. १० लिटर बिअरसाठी २.४ किलो फिकं माल्ट घ्या. ते भरडलेलं हवं, पीठ केलेलं नको. दाणा फुटावा पण साल शक्यतो अखंड राहावी. पाणी १६ लिटर, कारण त्यातलं सुमारे २ लिटर चोथा धरून ठेवतो, ३ लिटरच्या आसपास उकळताना उडून जातं आणि थोडं तळाच्या गाळाबरोबर जातं. पाणी ६९ अंशांपर्यंत तापवा, आच बंद करा, पातेल्यात जाळीदार कापडाची मोठी पिशवी लावून त्यात माल्ट ओता आणि गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. गार माल्ट पडल्याने तापमान ६६ वर येऊन थांबतं. झाकण लावून पातेलं जाड पांघरुणात गुंडाळून ठेवा. पातेलं २५ लिटरचं तरी हवं. तासाभराने एक चमचा वर्ट पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडिनचा थेंब टाका. निळाकाळा रंग आला तर स्टार्च अजून शिल्लक आहे, मग पंधरा मिनिटं आणखी थांबा. तपासलेलं वर्ट फेकून द्या, पातेल्यात परत ओतू नका. मग पिशवी वर उचलून निथळू द्या.

पाण्याविषयी थोडंसं, पण महत्त्वाचं. प्यायला चवीला चांगलं असलेलं पाणी बिअरला चालतं, फक्त त्यात क्लोरिन नको. क्लोरिन माल्टमधल्या आणि यीस्टने केलेल्या द्रव्यांशी संयोग पावून क्लोरोफेनॉल बनवतं, आणि ते इतक्या कमी प्रमाणात जाणवतं की सबंध खेपेला दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येतो. साधं क्लोरिन पाणी उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून जातं, पण काही पाणीपुरवठ्यांत क्लोरामिन वापरतात आणि ते असं जात नाही. पोटॅशियम किंवा सोडियम मेटाबायसल्फाइटची एक छोटी गोळी साधारण ७५ लिटर पाण्यातलं दोन्ही काढून टाकते. १० लिटरच्या खेपेला गोळीचा पाव तुकडा चुरून टाकला की झालं. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ च्या दरम्यान असावा, हेही पुढे कधीतरी तपासा. (पीएचचं मापही बिअरशी जोडलेलंच आहे. सोरेन सोरेनसेन यांनी ते १९०९ मध्ये मांडलं, आणि तेही त्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत.) पण पहिल्याच खेपेला पाण्यात क्षार मिसळत बसू नका.

उकळी आणि हॉप्स

वर्टला पहिली उकळी येते तेव्हा पातेल्यापासून हलू नका. फेस बघता बघता वर चढतो आणि उतू जातो. चिकट, गोड, जळका थर मग कितीतरी वेळ घासावा लागतो. फेस चढू लागला की आच कमी करा आणि थंड पाण्याचा शिडकावा द्या. काही मिनिटांनी प्रथिनांच्या गाठी होतात, फेस बसतो आणि मग निर्धास्तपणे उकळता येतं.

उकळी खळखळती हवी आणि झाकण काढलेलं हवं. फिक्या माल्टमध्ये एक द्रव्य असतं, त्यापासून तापल्यावर डायमिथाइल सल्फाइड तयार होतं. त्याला शिजवलेल्या मक्याचा वास असतो. ते वाफेबरोबर निघून जातं, पण झाकण लावलं तर वाफ थेंब होऊन परत पातेल्यात पडते आणि मका बिअरमध्येच राहतो. साधारण ६० मिनिटं पुरतात. अगदी फिकं पिल्सनर माल्ट असेल तर ९० मिनिटं उकळा.

हॉप्स ही एका वेलीची सुकवलेली फुलं. कडूपणा आणि सुगंध दोन्ही त्यांच्यातूनच येतात, पण दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत. कडूपणा देणारी अल्फा आम्लं पाण्यात नीट विरघळत नाहीत. बराच वेळ उकळल्यावर त्यांची रचना बदलते आणि मग ती विरघळतात. सुगंधी तेलं मात्र उकळताना उडून जातात. म्हणून सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणा देतात, शेवटच्या पंधरा मिनिटांतले चव, आणि आच बंद करताना टाकलेले सुगंध.

कडूपणाचा अंदाज घरच्या घरी करता येतो. हॉप्सच्या पाकिटावर अल्फा आम्लांची टक्केवारी असते. समजा १० टक्क्यांचे १५ ग्रॅम हॉप्स ६० मिनिटं उकळले. त्यात १.५ ग्रॅम, म्हणजे १५०० मिलिग्रॅम अल्फा आम्लं आहेत. तासाभरात त्यातला सुमारे पाव भागच बिअरमध्ये उतरतो, म्हणजे ३७५ मिलिग्रॅम. १० लिटरला भागलं की लिटरमागे ३७ मिलिग्रॅम. बिअरच्या पाटीवर लिहिलेलं कडूपणाचं एकक साधारण हेच. ३७ म्हणजे बऱ्यापैकी कडू, १५–२० सौम्य.

उरलेले हॉप्स हवा काढून, घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. जुने झाले की त्यांना चीजसारखा वास येतो. आणि घरात कुत्रा असेल तर वापरलेले हॉप्स त्याच्या तोंडी लागणार नाहीत असे टाका. कुत्र्यांसाठी हॉप्स विषारी आहेत, त्यांच्या शरीराचं तापमान जीवघेणं वाढू शकतं. हे फार थोड्या कृतींत लिहिलेलं असतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

आच बंद झाली

इथून पुढे वर्टसारखं असुरक्षित दुसरं काही नाही. कोमट, गोड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी कुठल्याही जंतूला हवंच असतं. उकळीत सगळे मेलेले असतात. आता जे शिरेल ते आपल्या हातून शिरेल. शर्यत सोपी आहे: दुसरं कुणी वाढायच्या आत आपलं यीस्ट त्यात पोचलं पाहिजे आणि संख्येने भारी पडलं पाहिजे.

म्हणून आधी लवकर थंड करा. १० लिटरचं पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून, बाहेरचं पाणी दोनतीनदा बदलून, आत निर्जंतुक पळीने हळूहळू ढवळत राहिलं तर पाऊण तासात काम होतं. पुढे तांब्याच्या नळीचं वेटोळं घ्या. ते वर्टमध्ये बुडवायचं आणि नळीतून थंड पाणी सोडायचं. उकळी संपायला पंधरा मिनिटं असतानाच वेटोळं पातेल्यात सोडलं की ते आपोआप निर्जंतुक होतं. अर्कापासून करत असाल तर आणखी सोपी युक्ती आहे: सहा-सात लिटरच उकळा आणि उरलेलं पाणी आदल्या दिवशी उकळून, झाकून, फ्रीजमध्ये गार करून ठेवा, शेवटी ते मिसळा.

स्वच्छ करणं आणि निर्जंतुक करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत ही नवख्याची सगळ्यात महागाची चूक. स्वच्छ म्हणजे डोळ्यांना दिसणारा मळ, तेलकटपणा, सुकलेला फेस काढणं. ते झाल्याशिवाय निर्जंतुक करणारं द्रावण काही करू शकत नाही, कारण जंतू मळाच्या आड लपलेले असतात. आधी घासा, धुवा, मग द्रावण. फॉस्फरिक आम्लाचं, फेस येणारं, नंतर धुवावं न लागणारं द्रावण घरगुती कामाला उत्तम. पाकिटावर सांगितलेलं प्रमाण ठेवून एक-दोन मिनिटं भांडं त्याने ओलं राहू द्या. उरलेला फेस बिअरला बाधत नाही. तो धुवून काढायला नळाचं पाणी वापरलंत तर सगळी मेहनत वाया. ब्लीच वापरत असाल तर ते खळखळून धुवावं लागतं, आणि ते व्हिनेगर किंवा कुठल्याही आम्लात चुकूनही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

फर्मेंटरला, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याला, आतून खरवडणाऱ्या घासण्या लावू नका. प्लास्टिकवर ओरखडा उठला की त्यात जंतूंना घर मिळतं. खाली तोटी असेल तर ती प्रत्येक खेपेनंतर पूर्ण उघडून धुवा. माझ्या ओळीने तीन खेपा आंबट निघाल्या होत्या. मी यीस्टला दोष देत राहिलो, पाणी बदललं, शेवटी तोटी उघडली तेव्हा आत तपकिरी थर सापडला. यीस्टचं पाकीट, ते कापायची कात्री, थर्मामीटर, आपले हात, सगळं त्याच यादीत येतं.

यीस्टची सोय

बिअरला ऑक्सिजन एकदाच हवा असतो, यीस्ट घालण्याच्या आधी. पेशी वाढायला लागणारी द्रव्यं यीस्ट ऑक्सिजनच्या मदतीने बनवतं. थंड वर्ट उंचावरून फर्मेंटरमध्ये ओता, झाकण लावून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. त्यानंतर मात्र ऑक्सिजन शत्रू आहे. आंबवणं संपत आलेल्या बिअरला हवा लागली की ती शिळी होते, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

सुरुवातीला कोरडं यीस्ट घ्या. ते टिकतं, स्वस्थ असतं आणि ११.५ ग्रॅमचं एक पाकीट मध्यम ताकदीच्या २० लिटर एल बिअरला (थंड जागा न लागणारा, लवकर आंबणारा प्रकार) पुरतं. १० लिटरला अर्ध्याने भागतं, पण सगळं घातलं तरी बिघडत नाही. पावाचं यीस्ट वापरू नका. त्याने मद्यार्क होतो, पण ते नीट तळाला बसत नाही आणि चव बिअरसाठी जोपासलेली नसते.

आता या सगळ्यात मला सर्वात जास्त तळमळीने सांगायची गोष्ट: तापमान. एल यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. ते खोलीचं तापमान नव्हे, वर्टचं. यीस्ट साखर खाताना उष्णता सोडतं आणि जोर धरल्यावर फर्मेंटरचा गाभा खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी जास्त गरम असतो. खोली २४ वर असेल तर यीस्ट २८ वर काम करत असतं. अशा गरमीत जड मद्यार्क जास्त तयार होतात. त्यांची चव घशाला झोंबते, द्रावकासारखी लागते आणि कितीही मुरू दिलं तरी पूर्ण जात नाही. चवीवर परिणाम करणारं बहुतेक सगळं पहिल्या तीन दिवसांत घडतं. तेवढे तीन दिवस सांभाळले तर नंतर थोडी ऊब चालते, बरीसुद्धा असते.

उपाय साधा आहे. फर्मेंटर पाण्याच्या मोठ्या टबात ठेवा, त्याला ओलं सुती कापड गुंडाळा, कापडाचं टोक पाण्यात बुडू द्या, आणि बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ टबात बदलत राहा. फर्मेंटरच्या अंगावर चिकटवायची तापमानपट्टी मिळते, ती लावा. आणि एवढंही जमत नसेल तर जागा बदलण्याऐवजी यीस्ट बदला. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरी जपलेलं क्वाइक नावाचं यीस्ट ३० ते ४० अंशांवरही स्वच्छ चवीची बिअर देतं, तीही काही दिवसांत. गरम हवेत राहणाऱ्या माणसासाठी एवढी मोठी सोय दुसरी नाही. याउलट लागर बिअरचं यीस्ट ८ ते १३ अंशांवर आठवडेच्या आठवडे संथपणे काम करतं; थंड जागा हाताशी नसेल तर तिच्या मागे लागू नका.

यीस्ट घातल्यावर सहा ते चोवीस तासांत वर फेसाचा थर दिसतो. एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या नळीतून, बुडबुडे येतात. ते ऐकायला फार छान वाटतं, पण त्यांच्यावर हिशेब ठेवू नका. झाकण किंचित सैल असेल तर बिअर उत्तम आंबत असतानाही एकही बुडबुडा येत नाही, आणि आंबणं संपल्यावरही तापमान वाढलं की बुडबुडे येत राहतात. खरं काय ते हायड्रोमीटर सांगतो.

हायड्रोमीटर म्हणजे तरंगणारी काचेची नळी. पाण्यात साखर जास्त तितकी ती वर तरंगते. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांवर बरोबर आकडा दाखवतात, म्हणून गरम वर्टमध्ये बुडवू नका. सुरुवातीला १.०४८ आणि शेवटी १.०११ असा आकडा आला, तर दोन्हींतला फरक ०.०३७ ला १३१.२५ ने गुणा: ४.८६, म्हणजे ४.९ टक्के मद्यार्क. तपासायला काढलेली बिअर फर्मेंटरमध्ये परत टाकू नका, चाखून पाहा. आंबण्याच्या प्रत्येक टप्प्यावर चव कशी बदलते हे असंच कळतं.

फेस बसला, आकडा उतरला की हात शिवशिवतात. थांबा. यीस्टने जोरात असताना दोन नको असलेली द्रव्यं सोडलेली असतात. एकाला लोण्याचा वास, त्याचं नाव डायअसिटाइल. दुसऱ्याला कच्च्या हिरव्या सफरचंदाचा, ते असिटाल्डिहाइड. जेवण उरकल्यावर यीस्ट हीच द्रव्यं परत उचलून पचवतं, पण त्याला वेळ लागतो. शेवटी तापमान दोनेक अंश वाढू द्या आणि एकूण दोन आठवडे फर्मेंटर उघडू नका. बिअर दुसऱ्या भांड्यात काढून ठेवण्याचा जुना सल्ला अजून पुष्कळ ठिकाणी दिसतो. साध्या एल बिअरला त्याची गरज नाही. त्यातून फक्त हवा लागते. सुगंधासाठी आणखी हॉप्स घालायचे असतील तर ते बाटल्या भरण्याच्या तीन-चार दिवस आधी थेट फर्मेंटरमध्ये टाका.

बाटल्या

बाटलीत फेस येतो तो मोजून घातलेल्या साखरेमुळे. उरलेलं यीस्ट ती खातं, कर्बवायू बाहेर जाऊ शकत नाही आणि बिअरमध्ये विरघळतो. लिटरमागे ४ ग्रॅम साखर म्हणजे बिअरच्या घनफळाएवढा एक भाग वायू. नेहमीच्या एलला असे साधारण २.४ भाग लागतात. २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये त्यातले ०.८५ आधीच विरघळलेले असतात. उरलेल्या १.५५ साठी लिटरला ६.२ ग्रॅम, म्हणजे १० लिटरला ६२ ग्रॅम साखर. चमच्याने मोजू नका, काट्यावर तोला. थोड्या पाण्यात उकळून ती रिकाम्या निर्जंतुक भांड्यात आधी घाला आणि बिअर नळीने त्यावर सोडा. नळीचं टोक तळाशी बुडलेलं असू द्या, म्हणजे शिंतोडे न उडता साखर मिसळते. हे तोलणं वायूपुरतं नाही, ती सुरक्षेची बाब आहे.

कारण आंबणं अर्धवट असताना बाटली भरली तर घनतेच्या प्रत्येक ०.००२ मागे सुमारे एक भाग वायू जास्तीचा तयार होतो. १.०११ वर थांबायची बिअर १.०१५ ला भरली तर आणखी दोन भाग, एकूण साडेचारच्या आसपास. साधी काचेची बाटली तेवढा दाब पेलेलच असं नाही, आणि फुटते तेव्हा काचा खोलीभर उडतात. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे तंतोतंत सारखे आले तरच बाटल्या काढा. बाटल्या फेसाळ पेयांसाठीच बनवलेल्या, जाड काचेच्या हव्यात; दुसऱ्या कशाच्या पातळ बाटल्या वापरू नका. भरलेल्या बाटल्या झाकणाच्या खोक्यात, माणसांच्या वावरापासून दूर ठेवा.

प्रत्येक खेपेत एक प्लास्टिकची, सोडा मिळतो तसली बाटली भरावी. रोज ती दाबून पाहा. चार-पाच दिवसांत घट्ट होत जाते आणि दगडासारखी झाली की इतर बाटल्यांमध्येही दाब तयार झालाय हे कळतं. फारच लवकर टणक झाली तर सावध व्हा, सगळ्या बाटल्या लगेच फ्रीजमध्ये घाला.

काचेचा रंग तपकिरीच घ्या. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात फुटतात आणि त्यातून एक उग्र, गंधकी वास तयार होतो; उन्हात तर काही मिनिटांत. हिरवी आणि पांढरी काच हा उजेड अडवत नाही. २० अंशांच्या आसपास, अंधारात दोन आठवडे मुरू द्या.

मग चाखा, आणि काय चुकलं ते जिभेने शोधा. लोणी किंवा हिरवं सफरचंद लागलं तर घाई झाली. मका लागला तर झाकण लावून उकळलं, किंवा कमी उकळलं. दवाखान्यातल्या पट्टीचा वास म्हणजे पाण्यातलं क्लोरिन, किंवा नीट न धुतलेलं ब्लीच. पुठ्ठा म्हणजे बाटल्या भरताना हवा लागली. घशाला झोंबलं तर पहिले तीन दिवस गरमीत गेले. आणि व्हिनेगरसारखा आंबटपणा आला तर तोटी उघडून पाहा. प्रत्येक खेपेची तारीख, पाण्याचं प्रमाण, घनतेचे आकडे आणि रोजचं तापमान लिहून ठेवा. नोंद नसेल तर चव सापडूनही कारण सापडत नाही.

बाटली आदल्या दिवशी फ्रीजमध्ये उभी ठेवा, म्हणजे वायू नीट विरघळतो आणि साका तळाला घट्ट बसतो. पेल्यात एकाच दमाने ओता, शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. तो साका म्हणजे यीस्टच. फर्मेंटरच्या तळाशी उरलेला दाट थर निर्जंतुक बरणीत भरून, झाकण किंचित सैल ठेवून फ्रीजमध्ये ठेवला तर दोनेक आठवड्यांत पुढच्या खेपेला वापरता येतो, आणि दुसऱ्या खेपेला ते यीस्ट बहुधा पहिल्यापेक्षा लवकर कामाला लागतं.